फ्रीकॅडमध्ये स्केच पक्कं कसं बांधायचं: नेमा १७ मोटरच्या प्लेटवरून

स्केचमधल्या सगळ्या रेघा हिरव्या झाल्या, याचा अर्थ प्रत्येकीची जागा आणि माप ठरलं, इतकाच. उद्या मोटर बदलली आणि तुम्ही पिचचा (स्क्रूच्या भोकांमधल्या अंतराचा) आकडा बदलला, तर प्लेट नीट मोठी होईल की भोकं कडेबाहेर जातील, हे कोणता कन्स्ट्रेन्ट, म्हणजे आकारावरचं बंधन, कुठे लावलाय यावर ठरतं. तेच इथे एका खऱ्या पार्टवर करून दाखवलंय. नेमा १७ स्टेपर मोटर २०२० (२० × २० मिमी) ॲल्युमिनियम प्रोफाइलवर बसवणारी प्लेट, खाली बेल्ट ताणण्यासाठी दोन उभे स्लॉट, म्हणजे लांबट भोकं. सॉफ्टवेअर फ्रीकॅड १.०, म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली आवृत्ती. जुन्या आवृत्तीत काही बटणं वेगळ्या जागी सापडतील, पण हिशोब तोच.

आधी कागदावर मापं

माऊसला हात लावण्याआधी मापं लिहून काढा. नेमा १७ मोटरचा चेहरा ४२.३ मिमी चौरस असतो. चार एम३ भोकं ३१ मिमीच्या चौरसाच्या कोपऱ्यांवर असतात. मध्ये २२ मिमी व्यासाचा, २ मिमी उंचीचा गोल उंचवटा असतो, त्याला बॉस म्हणतात. प्लेटमध्ये बॉससाठी २२.५ मिमीचं भोक ठेवू, एम३ स्क्रूसाठी ३.४ मिमी. प्लेटची जाडी ५ मिमी. एम३ × ८ स्क्रू लावला की ३ मिमी आटे मोटरमध्ये जातात, तेवढे पुरतात. लांब स्क्रू घेऊ नका. मोटरमधली भोकं आरपार नसतात, स्क्रू तळाला टेकतो आणि प्लेट सैलच राहते.

प्लेटची रुंदी ५०, उंची ७५. मोटरचं केंद्र वरच्या कडेपासून २५ मिमी खाली. स्लॉट एम५ बोल्टसाठी, म्हणून रुंदी ५.५, दोन टोकांच्या केंद्रांमधलं अंतर १०, दोन स्लॉटमधलं अंतर ३०. स्लॉटचं वरचं केंद्र मोटरच्या केंद्रापासून ३२ मिमी खाली.

हे ३२ कुठून आले ते बघा, कारण पुढे याच हिशोबावर सगळं चालणार आहे. मोटरच्या चेहऱ्याचा अर्धा भाग २१.१५. प्रोफाइल २० मिमीचं, त्याचा अर्धा भाग १०. मोटर आणि प्रोफाइल प्लेटच्या एकाच बाजूला येत असतील तर दोघांमध्ये थोडी फट हवी, ती ०.८५ धरली. २१.१५ अधिक १० अधिक ०.८५ बरोबर ३२. स्केचमध्ये नुसतं ३२ टाकलं तर सहा महिन्यांनी ते कशाचे होते हे कोणालाच आठवणार नाही.

मोकळीक मोजणे

स्केच चालू असताना डाव्या पॅनेलमध्ये वर सॉल्व्हरचा (कन्स्ट्रेन्टवरून आकार ठरवणाऱ्या फ्रीकॅडच्या भागाचा) निरोप दिसतो: अंडर-कन्स्ट्रेन्ड, म्हणजे अजून पुरतं न बांधलेलं, आणि पुढे डीओएफचा आकडा. डीओएफ म्हणजे अजून किती प्रकारे आकार हलू शकतो त्याची मोजणी. बहुतेक जण या आकड्याकडे बघतच नाहीत, रंगाकडे बघतात. उलट करा. प्रत्येक कन्स्ट्रेन्टनंतर आकडा किती उतरायला हवा हे माहीत असलं की चूक त्याच क्षणी सापडते.

एका बिंदूची मोकळीक २, रेघेची ४, वर्तुळाची ३ (केंद्राचे दोन, त्रिज्येचा एक), आर्कची (वर्तुळाच्या तुकड्याची) ५. कन्स्ट्रेन्ट यातून वजा करतात. दोन बिंदू जोडणारा कोइन्सिडन्ट २ खातो. सिमेट्रिकही २ खातो. हॉरिझॉन्टल, व्हर्टिकल, पॅरलल, परपेंडिक्युलर, टँजंट, ईक्वल, पॉइंट ऑन ऑब्जेक्ट आणि कुठलंही एक माप, हे सगळे प्रत्येकी १.

आकडा अपेक्षेपेक्षा कमी उतरला, तर तुम्ही जे सांगितलं त्यातलं काही स्केचला आधीच माहीत होतं. जास्त उतरला, तर रेघ काढताना एखादा आपोआप लागलेला कन्स्ट्रेन्ट तुमच्या नजरेतून सुटलाय. कर्सरजवळ छोटं चिन्ह दिसतं तेव्हा सोडलेला बिंदू त्या चिन्हाचा कन्स्ट्रेन्ट घेऊनच बसतो. अक्षाच्या जवळून जाताना हे हमखास होतं.

बाहेरची चौकट

नवी फाइल, पार्ट डिझाइन वर्कबेंच, क्रिएट बॉडी, क्रिएट स्केच, आणि एक्सवाय प्लेन. मूळबिंदू म्हणजे मोटरचं केंद्र, हे आताच ठरवून टाका. प्लेटचा कोपरा मूळबिंदूवर ठेवायची सवय पुष्कळांना असते, इथे ती महागात पडते. पार्ट ज्याच्याभोवती बांधलाय ती मोटर आहे, कोपरा नव्हे.

रेक्टँगल टूलने मूळबिंदू आत येईल अशी अंदाजाने चौकट काढा. अंदाज मात्र बऱ्यापैकी हवा. सॉल्व्हर आहे त्या आकारापासून सुरुवात करून जवळचं उत्तर शोधतो. ५० मिमीची चौकट ५०० मिमीची काढून मग माप दिलं, तर एखादा कोपरा उलट बाजूला पलटतो आणि नंतर तो कुठून आला हे कळत नाही. कोपरे अक्षांवर चिकटू देऊ नका.

हिशोब बघा. चार रेघा, १६. टूल स्वतःहून चार कोपरे जोडतं, उणे ८. दोन हॉरिझॉन्टल, दोन व्हर्टिकल, उणे ४. उरले ४, आणि पॅनेलमध्येही ४ च दिसायला हवेत.

आता चौकट डावीउजवीकडे मध्यावर आणायची. वरचा डावा कोपरा निवडा, वरचा उजवा निवडा, मग उभा अक्ष, आणि कीबोर्डवर एस. लगेच रिडन्डंट कन्स्ट्रेन्टचा निरोप येईल. नवशिके इथेच गोंधळतात, कारण सांगितलेलं काहीच चुकीचं नसतं. सिमेट्रिक दोन गोष्टी सांगतो: दोन कोपऱ्यांचा मध्य अक्षावर आहे, आणि त्यांना जोडणारी रेघ अक्षाला काटकोनात आहे. दुसरी गोष्ट वरच्या रेघेवरच्या हॉरिझॉन्टलने आधीच सांगितली होती. तीच गोष्ट दोनदा सांगितली गेली, म्हणून तक्रार.

उपाय सोपा आहे. निरोपातल्या निळ्या आकड्यावर क्लिक करा, संबंधित कन्स्ट्रेन्ट यादीत निवडले जातात. त्यातला वरच्या रेघेचा हॉरिझॉन्टल काढून टाका, सिमेट्रिक ठेवा. तोच तुमचा हेतू सांगतो. आता डीओएफ ३. सेटिंगमध्ये रिडन्डंट आपोआप काढायचा पर्याय असतो, तो सुरुवातीला बंदच ठेवलेला बरा. कोणता कन्स्ट्रेन्ट उडाला हे तो तुम्हाला विचारत नाही.

मग मापं. डी दाबून डायमेन्शन टूल घ्या. वरच्या रेघेला ५०, मूळबिंदूपासून वरच्या रेघेपर्यंत उभं २५, उजव्या रेघेला ७५. डीओएफ शून्य, चौकट हिरवी.

कोपऱ्यांचे ५ मिमीचे राउंड इथे काढू नका. पॅड केल्यावर, म्हणजे स्केचला जाडी दिल्यावर, फिलेट (कोपरा गोल करणाऱ्या) फीचरने द्या. स्केचमध्ये फिलेट घातलं की चार कोपऱ्यांचे बिंदू जातात, त्यांच्या जागी आठ टँजंट बिंदू येतात आणि सरळ साधा हिशोब उगाच फुगतो.

एक आकार शून्यावर आणल्याशिवाय दुसरा काढायचा नाही, हा नियम पाळा. सगळं काढून घेऊन शेवटी बांधायला बसणाऱ्याला ४० डीओएफमधून हलणारा बिंदू शोधावा लागतो.

बॉस आणि चार भोकं

वर्तुळ काढताना केंद्र थेट मूळबिंदूवर टाका. कोइन्सिडन्ट आपोआप लागतो, ३ मधले २ गेले. व्यास २२.५ दिला की शून्य. माप टाकताना त्रिज्या चाललीय की व्यास, हे बघून घ्या. डायमेन्शन टूलमध्ये एम दाबलं की प्रकार बदलतो. २२.५ त्रिज्येचं भोक पडद्यावर लगेच लक्षात येतं, ३.४ त्रिज्येचं येत नाही, आणि मग एम३ स्क्रूचं डोकं आरपार जातं.

चार भोकांना प्रत्येकी आडवं आणि उभं माप देणं शक्य आहे, आठ मापं होतील. ते करू नका. ३१ हा आकडा पार्टमध्ये एकदाच असायला हवा. त्यासाठी कन्स्ट्रक्शन रेघांचा चौरस काढा. अशा रेघा निळ्या दिसतात, स्केचमध्ये मदतीला असतात, पण पॅड त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. रेक्टँगल काढा, चारही बाजू निवडा, जी आणि मग एन दाबा.

डीओएफ ४ असतील. समोरासमोरचे दोन कोपरे निवडा, मग मूळबिंदू, मग एस. इथे सिमेट्रिक बिंदूभोवती आहे, अक्षाभोवती नाही, त्यामुळे हॉरिझॉन्टल-व्हर्टिकलशी त्याची टक्कर होत नाही. उरले २. दोन लगतच्या बाजू निवडून ई, म्हणजे ईक्वल. उरला १. एका बाजूला ३१. शून्य.

आता चार कोपऱ्यांवर चार वर्तुळं काढा, केंद्र कोपऱ्यावरच टाका. चार वर्तुळांचे १२, केंद्रांचे ८ गेले, उरले ४. चारही वर्तुळं निवडून ई, आणखी ३ गेले. एका वर्तुळाला व्यास ३.४.

३.४ च का? एम३ साठी ३.२ ही चालतं, पण बसवताना चारही स्क्रू एकदम जायला हवेत, त्यामुळे ३.४ बरं. थ्रीडी प्रिंटवर भोकं काढल्यापेक्षा बारीक निघतात, तिथे ३.५ किंवा ३.६ करावं लागेल. आकडा एकाच जागी आहे, म्हणून ते एका क्लिकचं काम.

स्लॉट, जिथे टँजंट अडवतो

स्लॉट टूल वापरा, पण आत काय आहे ते समजून. दोन आर्क, १०. दोन रेघा, ८. एकूण १८. चार जागी आर्क आणि रेघ टोकाला टोक लावून टँजंट आहेत. टोकाला टोक टँजंट म्हणजे कोइन्सिडन्टचे २ आणि दिशेचा १, मिळून ३. चार जागी १२ गेले, उरले ६. दोन आर्क ईक्वल, उरले ५: वरचं केंद्र, खालचं केंद्र आणि त्रिज्या.

हाताने आर्क आणि रेघ जोडणाऱ्यांची नेहमीची चूक इथे कळते. आधी टोकं कोइन्सिडन्टने जोडली, आणि मग बिंदू न निवडता आर्क आणि रेघ निवडून टँजंट दिला, तर तो काठाचा टँजंट ठरतो. असं बांधलेलं स्केच कधी रिडन्डंट म्हणतं, कधी माप बदलल्यावर थरथरतं. योग्य पद्धत अशी की एका रेघेचा टोकाचा बिंदू आणि आर्कचा टोकाचा बिंदू निवडून टी दाबायचं. त्यात जोडणं आणि स्पर्श दोन्ही येतं, वेगळा कोइन्सिडन्ट नको. नवीन फ्रीकॅड बऱ्याचदा जुना कोइन्सिडन्ट काढून स्वतःच हा बदल करतं, पण जुन्या फाइल उघडाल तेव्हा हे लक्षात ठेवा.

डावा स्लॉट उभा काढा, मूळबिंदूच्या खाली डावीकडे. तसाच दुसरा उजवीकडे. टूल दोन्हींना व्हर्टिकल लावेल. आता दोन्ही स्लॉटची वरची केंद्रं आणि उभा अक्ष, एस. खालची केंद्रं आणि उभा अक्ष, एस. पुन्हा रिडन्डंट. डावा उभा आहे आणि उजवा त्याचं प्रतिबिंब आहे, मग उजवा उभा असणारच. उजव्याचा व्हर्टिकल काढा.

मोकळीक मोजू. दोन स्लॉटचे १०, दोन सिमेट्रिकने ४ गेले, उरले ६. डाव्याच्या एका आर्कला उजव्याच्या एका आर्कशी ईक्वल, ५. डाव्याचा व्हर्टिकल, ४. मग चार मापं: वरच्या दोन केंद्रांमध्ये आडवं ३०, डाव्या स्लॉटच्या दोन केंद्रांमध्ये १०, मूळबिंदूपासून वरच्या केंद्रापर्यंत उभं ३२, आणि आर्कची त्रिज्या २.७५. शून्य. सगळं स्केच हिरवं.

स्लॉटची लांबी देताना १० हे केंद्रांमधलं अंतर आहे, टोकापासून टोकापर्यंतचं नाही. एकूण लांबी १५.५ होते. ड्रॉइंगवर कोणतं माप लिहायचं हे वर्कशॉपशी एकदा बोलून घ्या. टूलवाला केंद्रांचं माप मागतो, तपासणारा व्हर्नियरने टोकं मोजतो.

स्लॉटच्या खालच्या कडेपासून प्लेटच्या तळापर्यंत ५.२५ मिमी उरतात, तेवढे पुरेसे आहेत. वरच्या टोकाला बोल्ट असताना १० मिमी व्यासाचा वॉशर मोटरच्या केंद्रापासून २७ मिमीपर्यंत वर येतो, मोटरची कड २१.१५ वर आहे. म्हणजे वॉशर लागत नाही.

हलवून बघणे

शून्य दिसण्याआधीच्या टप्प्यांवर बिंदू माऊसने ओढून बघायची सवय लावा. डीओएफ १ असताना आकार नेमका कसा हलतो ते दिसतं आणि कोणतं माप राहिलंय ते आपोआप कळतं. ओढून कळलं नाही तर निरोपातल्या डीओएफच्या आकड्यावर क्लिक करा, अजून मोकळे असलेले भाग निवडले जातात.

ब्लॉक कन्स्ट्रेन्ट लावून सगळं एका झटक्यात हिरवं करता येतं. ती पळवाट आहे, आयात केलेल्या वाकड्यातिकड्या रेघांसाठी ठीक, पार्टसाठी नाही. लॉकचंही तसंच. तो बिंदूला मूळबिंदूपासून दोन मापं टाकून मोकळा होतो आणि ती दोन मापं कशासाठी आहेत हे कोणालाच सांगत नाही.

शून्य मिमी असं माप कधीही देऊ नका. बिंदू अक्षावर हवा असेल तर पॉइंट ऑन ऑब्जेक्ट वापरा, दोन बिंदू एकत्र हवे असतील तर कोइन्सिडन्ट.

आकडे स्प्रेडशीटमध्ये

आता त्या ३२ कडे परत. स्प्रेडशीट वर्कबेंचमध्ये नवी शीट काढा आणि मूळ आकडे एकाखाली एक लिहा: मोटरचा चेहरा ४२.३, पिच ३१, बॉसचं भोक २२.५, स्क्रूचं भोक ३.४, प्रोफाइल २०, फट ०.८५, स्लॉटची लांबी १०. प्रत्येक सेलच्या प्रॉपर्टीमध्ये टोपणनाव द्या, इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये स्पेस न सोडता. आकड्यासोबत एककही लिहा, नाहीतर सूत्रात लांबी आणि नुसता आकडा यांची बेरीज होत नाही आणि चूक दाखवली जाते.

स्केचमध्ये मापावर डबल क्लिक करा, चौकटीत बरोबरचं चिन्ह टाइप करा, सूत्राची खिडकी उघडते. पिचच्या मापाला शीटमधला पिच जोडा. प्लेटच्या रुंदीला चेहरा अधिक ७.७. वरच्या २५ ला रुंदीचा अर्धा. स्लॉटच्या ३२ ला अर्धा चेहरा अधिक अर्धं प्रोफाइल अधिक फट. उंचीला वरचं अंतर अधिक स्लॉटचं अंतर अधिक स्लॉटची लांबी अधिक ८. आताचे आकडे टाकून बघा: २५ + ३२ + १० + ८ = ७५. जुळलं.

आता परीक्षा. शीटमध्ये नेमा २३ चे आकडे टाका: चेहरा ५६.४, पिच ४७.१४, बॉस ३८.१ म्हणून भोक ३८.६, स्क्रूचं भोक ५.५. रुंदी ६४.१ होते, स्लॉटचं केंद्र ३९.०५ वर सरकतं, उंची ८९.१ होते, आणि स्केच हिरवंच राहतं. भोकाची बाहेरची कड मध्यापासून २६.३२ वर, प्लेटची कड ३२.०५ वर. भोक कडेबाहेर गेलं नाही. तेच जर रुंदी ५० अशी नुसती टाकली असती, तर कड २५ वर राहिली असती आणि भोकं प्लेट कापून बाहेर पडली असती. स्केच तेव्हाही हिरवंच दिसलं असतं. पॅडने मात्र चूक दाखवली असती, कारण भोकांची वर्तुळं बाहेरच्या रेघेला छेदतात. (काही कंपन्यांच्या नेमा २३ चा चेहरा ५७ असतो, घेण्याआधी तिची डेटाशीट बघा.)

पॅड होत नाही तेव्हा

स्केच बंद करून पॅड ५ मिमी. झालं तर उत्तम. नाही झालं तर कारणं ठराविक असतात.

सर्वात जास्त वेळा कारण हे की चौकट बंद नसते. दोन टोकं डोळ्याला जुळलेली दिसतात, पण कोइन्सिडन्ट नसतो. स्केच मेनूतलं व्हॅलिडेट स्केच उघडा. तिथे सुटलेले कोइन्सिडन्ट शोधून जोडता येतात, उघड्या टोकांवर खूणही करता येते. जोडण्याआधी टॉलरन्स बघा, मोठा ठेवलात तर न जोडायची टोकंही जोडली जातील.

त्यानंतर एकावर एक पडलेल्या दोन रेघा. माऊसचा क्लिक दोनदा पडला की हे होतं. पडद्यावर एकच रेघ दिसते. संशय असलेली रेघ निवडून डिलीट दाबा. खाली अजून रेघ शिल्लक असेल तर सापडली. नसेल तर कंट्रोल-झेड.

एका बिंदूला तीन रेघा येत असतील, म्हणजे चौकटीतून मध्येच एक रेघ बाहेर निघाली असेल, तर पॅडला आत-बाहेर ठरवता येत नाही. ती रेघ मदतीसाठी असेल तर कन्स्ट्रक्शन करून टाका. आमच्या मते नवशिक्याच्या स्केचमध्ये कन्स्ट्रक्शन रेघा नेहमी कमीच असतात.

ओव्हर-कन्स्ट्रेन्ड किंवा कॉन्फ्लिक्टिंग असा निरोप आला तर तो रिडन्डंटपेक्षा गंभीर. रिडन्डंटमध्ये तीच गोष्ट दोनदा सांगितलेली असते. कॉन्फ्लिक्टमध्ये दोन गोष्टी एकत्र खऱ्या होऊच शकत नाहीत, उदाहरणार्थ वरची रेघ ५० आणि खालची ५१, दोन्ही बाजू उभ्या. सॉल्व्हर दोषी कन्स्ट्रेन्टची नावं देतो, पण नेमका कोणता काढायचा हे तो ठरवू शकत नाही. शेवटचा लावलेला आधी काढून बघा, म्हणून तर प्रत्येक पायरीनंतर निरोप वाचायचा.

दुसरं स्केच प्लेटच्या चेहऱ्यावर काढायची वेळ आली तर शक्यतो मूळ प्लेन किंवा डेटम प्लेनला चिकटवा. १.० मध्ये चेहऱ्यांची नावं बदलण्याचा जुना त्रास बराच कमी झालाय, तरी मूळ प्लेन कधीच नाव बदलत नाही.

दुसरी सॉफ्टवेअर

हेच गणित सगळीकडे चालतं. कन्स्ट्रेन्ट लावून आकार ठरवायची कल्पना एमआयटीमध्ये इव्हान सदरलँड यांनी १९६३ मध्ये स्केचपॅडमध्ये करून दाखवली होती, बदलले ते रंग आणि नावं. सॉलिडवर्क्समध्ये कन्स्ट्रेन्टला रिलेशन म्हणतात. मोकळी रेघ निळी, पक्की काळी. जास्तीचं माप टाकलं तर ते ड्रिव्हन (नुसतं दाखवण्यापुरतं) करायचं का, असं विचारतं. तिथलं फुली डिफाइन स्केच हे बटण उरलेली मापं स्वतः टाकतं, त्यात तुमचा हेतू नसतो, टाळा. कॅटियात मोकळं पांढरं, पक्कं हिरवं, जास्तीचं जांभळं. फ्यूजनमध्ये पक्क्या स्केचच्या चिन्हावर कुलूप दिसतं.

लेझरला फाइल पाठवताना

भोसरी किंवा चाकणच्या लेझरवाल्याला बहुतेक वेळा डीएक्सएफ (सपाट रेखाचित्राची) फाइलच लागते. स्केचच निवडून एक्सपोर्ट केलंत तर भोकं आणि स्लॉट येतील, कन्स्ट्रक्शनचा चौरस येणार नाही, पण कोपऱ्यांचे राउंडही येणार नाहीत, कारण ते पॅडनंतर फिलेटने दिले होते. म्हणून ड्राफ्ट वर्कबेंचमध्ये बॉडीचा शेप टू-डी व्ह्यू काढा आणि तो एक्सपोर्ट करा. फाइल पुन्हा उघडून दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर मोजा. ३१ आलं तर फाइल मिमीत आहे. १.२२ आलं तर कुठेतरी इंच झालेत.

लेझरच्या कापाच्या जाडीची भरपाई स्केचमध्ये करू नका. ती मशीनवाला स्वतः करतो, तुम्ही पण केलीत तर ती दोनदा होते आणि बॉसचं भोक घट्ट निघतं.